निवडून घेतलेला शर्ट

जुने कपडे गरिबांना वाटून टाकण्यापेक्षा ते त्यांना स्वस्तात विकत घेता येतील अशी सोय करा, असं मी म्हणते तेव्हा ऐकणाऱ्यांना ते कोरडेपणाचं वाटतं. माझ्या लेखी त्यातच जास्त माणुसकी आहे. वाटलेला कपडा समोर येईल तसा घ्यावा लागतो. मापाचा नाही, रंग आवडला नाही, असं म्हणायची सोय नसते. विकत घेणारा माणूस कपडा उलटून बघतो, अंगाला लावतो, ‘हा नको, तो दाखव’ म्हणतो, भाव पाडतो आणि मनासारखं नसेल तर पाठ फिरवून निघून जातो. खिशात शंभराची एकच नोट असली तरी हा हक्क त्याला असला पाहिजे. आपल्या शहरांत तो मिळतो जुन्या कपड्यांच्या बाजारात, आणि त्या बाजाराकडे बघून आपण नाक मुरडतो. मला त्याबद्दल लिहायचं आहे.

मी शिवणकाम करते. पुण्यात मंगळवार पेठेच्या बाजूला माझं एका शटरचं दुकान आहे. नवं शिवायला येणारी गिऱ्हाइकं कमी होत गेली, आल्टरचं काम वाढत गेलं, आणि आता मशीन बहुतेक त्यावरच चालतं. जवळच रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो. माझ्या सासऱ्यांनी त्यांचं पहिलं सिंगर मशीन याच बाजारातून घेतलं होतं. हौशी मंडळी तिथे जुनी नाणी, पितळी दिवे, ग्रामोफोन, घड्याळं शोधायला येतात, आणि बाजाराबद्दल जे छापून येतं तेही बहुतेक याच वस्तूंबद्दल असतं. कपडे असतात जमिनीवर, प्लॅस्टिकच्या कागदावर ढीग घालून. त्या ढिगाभोवती उकिडवी बसलेली माणसं एकेक नग उचलतात, झटकतात, उजेडात धरतात. दुपारनंतर हीच माणसं पिशवी घेऊन माझ्या दुकानात येतात.

एक वॉचमन दर काही महिन्यांनी येतात. त्यांच्या एजन्सीने युनिफॉर्मचा एकच जोड दिला, त्याचेही पैसे पगारातून कापले. पावसाळ्यात एक जोड धुऊन रात्रीत वाळत नाही, म्हणून दुसरी निळी पँट ते बाजारातून घेतात आणि कंबर माझ्याकडून बारीक करून नेतात. बांधकामावरचा एक गवंडी फक्त सुती, पूर्ण बाह्यांचे शर्ट घेतो. उन्हात टेरिकॉट अंगाला चिकटतं आणि उघडे हात सिमेंटने सोलतात, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. कॉलर कोणत्या फॅशनची आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, पण खिशाला फ्लॅप हवा, कारण वाकलं की मोबाईल पडतो. घरकाम करणाऱ्या एक ताई मुलीच्या गॅदरिंगसाठी मरून रंगाचा घेरदार फ्रॉक घेऊन आल्या होत्या. शाळेने लाल सांगितला होता, मरून चालेल का म्हणून त्यांच्या जिवाला घोर. घेराला खाली लाल पट्टी लावली, त्याच कापडाचा कंबरपट्टा केला, आणि काम निभावलं. या तिघांनाही कोणी कपडे ‘दिले’ असते, तर फ्लॅपचा खिसा, निळ्या रंगाची बरोबर ती छटा आणि घेर यांचा विचार कोणी केला असता?

सगळ्यांत लक्षात राहिला तो परभणीकडचा एक मुलगा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, सदाशिव पेठेत एका खोलीत चौघांबरोबर राहणारा. मुख्य परीक्षा पास होऊन मुलाखतीचं पत्र आलं होतं आणि बाजारातून त्याने राखाडी रंगाचा कोट आणला होता. सहाशे सांगितले होते, साडेतीनशेला मिळाला. कोट माझ्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, “काकू, याचं काही होईल का? नाही झालं तर मित्राचा मागून घेईन.”

मी आधी त्याला कोट घालून उभं केलं आणि खांदा बघितला. कोटाचा खांदा माणसाच्या खांद्याशी संपला पाहिजे. तिथे चुकलं तर आत भरलेली गादी, बाहीचा गोल, सगळंच उसवावं लागतं आणि त्या खर्चात दुसरा कोट येतो. याचा खांदा जणू त्याच्यासाठीच कापला होता. पाठ मात्र सैल, बाह्या अंगठ्यापर्यंत. अस्तर उसवून पाठीच्या मधल्या शिवणीतून कोट आत घेतला. बाह्या खालून आखूड केल्या, त्यासाठी बटणं काढून वर लावावी लागली. आत कुणाच्या तरी नावाची शिंप्याची चिठ्ठी होती, ती त्याने काढू दिली नाही. म्हणाला, “राहू द्या, ज्याने शिवून घेतला तो चांगल्याच कामासाठी शिवून घेतला असेल.” कापड खरं लोकरीचं होतं, शिवण हाताची होती. नवा कोट त्याला दोन-अडीच हजारांच्या आत मिळाला नसता, आणि त्या किमतीत मिळणाऱ्या कोटांची पुढची बाजू डिंकाने चिकटवलेली असते. ती काही धुण्यांनंतर फुगते. सगळं मिळून सहाशे रुपयांत तो मुलगा मुलाखतीला नीट उभा राहील असा कोट घेऊन गेला.

तेव्हा कमी पैशांत चांगला कपडा निवडता येतो, पण तो निवडायला शिकावं लागतं. हे आपल्याकडे आई-आजी शिकवत असत. आता ज्या घरात पहिल्यापासून तयार कपडे आले तिथे ते शिकवणारं कोणी उरलं नाही. म्हणून मला जे येतं ते सांगते.

बाजारात ट्रायल रूम नसते. घरातून निघताना तुम्हाला उत्तम बसणाऱ्या शर्टाचा खांदा, छाती आणि लांबी, पँटची कंबर आणि आसन अशी मापं कागदावर लिहून न्या, आणि एक टेप खिशात ठेवा. लेबलवरच्या आकड्यावर विसंबू नका. एका कंपनीचा चाळीस दुसऱ्या कंपनीचा बेचाळीस असतो, आणि धुऊन धुऊन आटलेला कपडा तर लेबलला कधीच मागे सोडून गेलेला असतो. कपडा हातात आला की आधी उलटा करा. सुलट बाजू सगळ्यांनाच चांगली दिसते, कपड्याची खरी हकीकत आतल्या शिवणीत लिहिलेली असते. शिवणीच्या आत किती माया सोडली आहे ते बघा. अर्धा-पाऊण इंच माया असेल तर कपडा सोडवता येतो, म्हणजे वाढत्या मुलाला तो आणखी एक वर्ष जातो. मग मुंढ्याखाली बघा. तिथे घामाने पिवळं पडलेलं सुती कापड कितीही धुतलं तरी पांढरं होत नाही. कॉलरची घडी, कोपर, पँटची बसायची जागा आणि आसन उन्हासमोर धरा. विरलेलं कापड उजेडात जाळीसारखं दिसतं. आसनाला विरलेली पँट कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या, एकदा वाकलात की ती जाणार. तुटलेलं बटण, निघालेली टीप, लोंबणारं अस्तर यांना घाबरू नका. ही वीस-तीस रुपयांची कामं आहेत, आणि अशाच कपड्यांचा भाव जास्त पडतो. खराब चेन मध्यम काम. फाटलेला खिसा आतून नवा लावता येतो. बुरशीचे काळे ठिपके मात्र कोणाच्या बापाला निघत नाहीत.

कापड ओळखायला लोक चुरगाळून बघतात, ते ठीक आहे, पण हल्ली मिश्रणं इतकी आली आहेत की हात फसतो. मी आतल्या शिवणीतला एक धागा ओढून दुकानात मेणबत्तीवर धरते. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटात चुरगळणारी राख राहते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. हे बाजारात करू नका, तिथे चहूकडे कापडच असतं. घरी आणल्यावर सुती कपडे गरम पाण्यात साबण घालून तासभर भिजवा, धुवा, उलटे करून कडक उन्हात वाळवा आणि शिवणींवर गरम इस्त्री फिरवा. लोकरीचा कपडा गरम पाण्यात घातला तर बाळाच्या मापाचा होऊन बाहेर येतो, त्याला दोन दिवस मोकळी हवा आणि ऊन पुरतं. आतले कपडे, मोजे, सैल पडलेलं इलॅस्टिक आणि दुसऱ्याच्या पावलाला सरावलेले बूट घेऊ नका.

हिशेबाची एक गोष्ट बरेच जण विसरतात. शर्टाची किंमत म्हणजे बाजारात मोजलेले पैसे अधिक माझ्याकडे मोजायचे पैसे. ऐंशी रुपयांच्या पँटला दीडशेचं आल्टर लागणार असेल तर दोनशे तीसची पँट म्हणून विचार करा. मग ती परवडते का ते ठरवा. आणि स्वेटर मार्चमध्ये घ्या, रेनकोट दिवाळीनंतर, लग्नातले कपडे लग्नसराई संपल्यावर. ढिगावर बसणाऱ्या बाईलाही ते गोणीत भरून वर्षभर सांभाळायचे नसतात, ती दोन पैसे कमी घेते.

हा माल येतो कुठून, याची आपल्याला फारशी चौकशी नसते. त्याची सुरुवात आपल्याच दारात होते. डोक्यावर भांड्यांची टोपली आणि काखेत कपड्यांचं गाठोडं घेऊन दुपारी येणारी बोहारीण माझ्या पिढीच्या प्रत्येक बाईला माहीत आहे. या बोहारणींतल्या बऱ्याच जणी गुजरातकडून आलेल्या देवीपूजक समाजाच्या, ज्यांना वाघरी म्हणूनही ओळखलं जायचं. ती साडी झटकून उन्हात धरायची, काठाची जर बोटाने घासून बघायची. खऱ्या जरीत चांदी असते, ती काढून घेणारे वेगळे, म्हणून तिची किंमत वेगळी. आपण पातेलं मागायचं, तिने डबा दाखवायचा, मग ‘आणखी एक शर्ट टाका ताई’ अशी तासभर रस्सीखेच. तो सौदा होता आणि दोघी बरोबरीच्या होत्या. तिने नेलेले कपडे घरची माणसं निवडत, धूत, शिवत, इस्त्री करत, आणि पहाटेच्या बाजारात विकत. दिल्लीत रघुबीर नगरमध्ये अशा बायकांचा मोठा बाजार भल्या पहाटे भरतो. ल्यूसी नॉरिस नावाच्या ब्रिटिश मानववंश अभ्यासक बाईंनी या सगळ्या साखळीवर अभ्यास करून २०१० मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे.

जे कपडे पुन्हा घालण्याजोगे नसतात तेही वाया जात नाहीत. सुती चिंध्या गॅरेजमध्ये आणि छापखान्यात पुसायला जातात. लोकर पानिपतला जाते. आपल्याला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं, कापडाच्या धंद्यात पानिपत म्हणजे जुनी लोकर पिंजून तिचं पुन्हा सूत काढणारं गाव. तिथे परदेशातूनही जुने लोकरीचे कपडे येतात. ते रंगाप्रमाणे वेगळे करून, बटणं-चेनी काढून, फाडून, पिंजून त्यांची ब्लँकेटं विणतात. पूर-भूकंपात वाटली जाणारी स्वस्त, खरखरीत ब्लँकेटं वर्षानुवर्षं तिथूनच गेली. अलीकडे नव्या पॉलिएस्टरच्या मऊ ब्लँकेटांनी त्या धंद्यालाही धक्का दिला आहे. परदेशातले वापरलेले कपडे आणून सरळ विकायला मात्र आपल्याकडे मोकळीक नाही, त्याला परवाना लागतो. गुजरातेत कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात ते निवडून बहुतेक पुन्हा बाहेर पाठवले जातात. त्यातले काही पाझरून आपल्या बाजारात येतात आणि ‘इंपोर्टेड’ म्हणून विकले जातात, हे बाजारात बसणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. माझ्या हातात आलेल्या जाड डेनिमच्या आणि लोकरीच्या कोटांपैकी बरेच त्या वाटेने आलेले असावेत.

आता बोहारीण दिसेनाशी झाली. नव्या सोसायट्यांच्या गेटवर तिला आत सोडत नाहीत. ज्या पार्सलवाल्यांची नावंही कोणाला माहीत नसतात ते दिवसातून अनेकदा आत येतात, आणि जी पिढ्यान्‌पिढ्या त्याच भागात फिरते आहे तिला मात्र ‘परकी बाई’ म्हणून अडवलं जातं. मला हे फार लागतं. ती यायची बंद झाली की आपले कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत जातात, आणि ओल्या कचऱ्याबरोबर एकदा भिजलेला कपडा पुन्हा कुणाच्या अंगावर जाऊ शकत नाही.

या बाजाराला असलेला दुसरा धोका मला माझ्या मशीनवर रोज दिसतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा साधा शर्ट उसवला की आत माया असायची, शिवण दुहेरी असायची, कॉलर काढून उलटी लावता यायची. कॉलर घासली की उलटी करून घ्यायची आणि शर्ट आणखी दोन-तीन वर्षं चालवायचा, ही मध्यमवर्गीय घरांतली नेहमीची रीत होती. आजचा दोनशे रुपयांचा नवा टी-शर्ट उलटा केला की नुसतं ओव्हरलॉक दिसतं, काठाला चिकटून. सोडवायला सूतभर जागा नाही. दोन महिन्यांत कापडावर गोळे येतात, शिवण एका बाजूला पिळते. असा कपडा एका माणसाच्या अंगावरही धड पुरत नाही, दुसऱ्याकडे जाणार कसा? जुन्या कपड्यांचा बाजार चालतो तो आधी कोणीतरी चांगला कपडा शिवला म्हणून. ढिगात चांगला नग मिळायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो असं माझी गिऱ्हाइकं सांगतात, आणि त्याचं कारण हेच आहे. ज्यांची ऐपत आहे त्यांनी वर्षाला वीस तकलादू कपडे घेण्यापेक्षा पाच चांगले घेतले, तर त्यातले चार पुढे कोणाच्या तरी कामाला येतील.

आता वाटपाबद्दल. हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. पण डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला तसेच पडले होते, कारण त्यातले कितीतरी तिथल्या माणसांच्या उपयोगाचे नव्हते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला तेव्हा ‘कृपा करून जुने कपडे पाठवू नका’ अशी आवाहनं करावी लागली. ज्याचं घर वाहून गेलं त्याने अनोळखी माणसाची फाटकी जीन्स आणि बटण नसलेला शर्ट पोत्यातून उपसून घ्यावा, अशी अपेक्षा आपण कशी करू शकतो? ती पोती पाठवताना आपण आपलं कपाट रिकामं करत होतो.

याच त्सुनामीनंतर पडलेले ढीग उचलून, निवडून कामाला लावण्याचं काम ‘गूंज’ या संस्थेने केलं. अंशू गुप्ता यांनी ती १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केली, आणि २०१५ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातली मला सगळ्यांत पटलेली गोष्ट ही की गावाने आपली विहीर, रस्ता, बंधारा असं स्वतः ठरवलेलं काम श्रमदानाने करायचं आणि त्याबदल्यात कपडे न्यायचे. कपडा मोबदला म्हणून येतो, भीक म्हणून येत नाही. उरलेलं सुती कापड धुऊन, स्वच्छ करून त्याचे बायकांसाठी पाळीचे पॅड करतात. कपड्याला किंमत लावली की घेणाऱ्याची मान ताठ राहते, हे त्यांनी ओळखलं. बाजारही तेच करतो, फक्त त्याला कोणी पुरस्कार देत नाही. ‘माणुसकीची भिंत’ आपल्या अनेक शहरांत उभी राहिली, तिथे अडकवलेले कपडे गरजूंनी न्यावेत अशी कल्पना. सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर त्यातल्या कित्येक भिंतींखाली चिखलात पडलेले कपडे मी पाहिले आहेत. तिथे निवडणारं, धुणारं, शिवणारं कोणी नसतं. बाजारात असतं, कारण त्यावर कोणाचं तरी पोट असतं.

लाज हा सगळ्यांत मोठा अडसर आहे. माझ्याकडे येणारी काही माणसं आजूबाजूला दुसरं गिऱ्हाईक नाही असं बघूनच पिशवी उघडतात. ‘भावाचा शर्ट आहे’ म्हणतात. मी काही विचारत नाही. एक शंका नेहमी येते, मेलेल्या माणसाचे कपडे तर नसतील ना? असतीलही काही. पण आपल्या घरात बाळ जन्मलं की त्याच्या अंगाला पहिलं कापड कोणतं लागतं? आजीच्या जुन्या सुती साडीचं दुपटं, आजोबांच्या धोतराचं झबलं, कारण शंभरदा धुतलेल्या कापडाइतकं मऊ नवं कापड नसतं. गोधडीत तर घरातल्या गेलेल्या-राहिलेल्या सगळ्यांचे कपडे एकत्र असतात आणि आपण त्यात गाढ झोपतो. अमरावतीकडच्या गाडगेबाबांनी आयुष्यभर ठिगळांचे कपडे घातले, गावोगाव लोक त्यांच्या पाया पडले. घरातल्यांचं जुनं कापड आपल्याला ऊब देतं आणि बाजारातलं अशुद्ध वाटतं, याच्या मुळाशी कपडा नाही. तो कोणाच्या हातातून आला, कोणत्या वस्तीतून आला, याबद्दलचा आपला विटाळ आहे. तो गेला पाहिजे, असं मी स्पष्ट म्हणते.

तरुण मुलांमध्ये हा विटाळ जातो आहे आणि त्याचा मला आनंद आहे. इन्स्टाग्रामवर जुन्या कपड्यांची दुकानं चालवणाऱ्या मुली माझ्याकडे आल्टरला येतात. बाजारातून शंभरला घेतलेलं जॅकेट धुऊन, नवी बटणं लावून, फोटो काढून त्या सातशेला विकतात. त्यांनी मेहनत केली, पैसे मिळवले, मला त्यात वावगं वाटत नाही. पण एक विनंती मी त्यांना करते आणि त्यांतल्या काही जणी ऐकतात. जॅकेट घ्या, डेनिम घ्या, जुनी नक्षीची शाल घ्या. मजुराचा सुती शर्ट, शाळेची निळी पँट, मोठ्या मापाचा साधा पंजाबी ड्रेस ढिगात राहू द्या. पहाटे पाचला येऊन ढीग उपसणाऱ्या माणसाशी, कामावरून सुटून दुपारी येणारी बाई स्पर्धा करू शकत नाही. आणि भाव चढला की त्याची झळ आधी तिलाच बसते.

माझं खरं मागणं महापालिकांकडे आहे, सगळ्याच शहरांच्या. संसदेने २०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी कायदा केला. त्यात नगर पथविक्रेता समिती नेमायची आहे, तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांमधून निवडलेले आणि त्यात एक तृतीयांश बायका असायला हव्यात. त्याच कायद्याच्या परिशिष्टात म्हटलं आहे की जिथे विक्रेते ५० वर्षांहून जास्त काळ धंदा करत आहेत तो नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. आपल्या शहरांतले जुने बाजार या कसोटीला सहज उतरतात. आपण वाड्यांचा, किल्ल्यांचा वारसा जपायची भाषा करतो. पिढ्यान्‌पिढ्या हजारो अंगं झाकणाऱ्या बाजाराला मात्र वाहतुकीचा अडथळा म्हणतो, आणि कधी रस्ता रुंद करायचा म्हणून, कधी कोणी पाहुणे येणार म्हणून ढीग उचलायला लावतो.

त्या बाजारांना फार काही लागत नाही. डोक्यावर पत्र्याचं किंवा ताडपत्रीचं छप्पर, कारण पावसात भिजलेली एक गोणी म्हणजे एका घराचा आठवडा. पिण्याचं पाणी. दिवसभर बसणाऱ्या बायकांसाठी संडास. पडदा लावून कपडा घालून बघता येईल अशी एक जागा. आणि आगीपासून संरक्षण. पुण्यातच कॅम्पातली फॅशन स्ट्रीट २६ मार्च २०२१ च्या रात्री पेटली आणि शेकडो दुकानं खाक झाली. घानाची राजधानी आक्रा इथला कांतामांतो हा जुन्या कपड्यांचा जगातल्या मोठ्या बाजारांपैकी एक बाजार. २०२५ च्या जानेवारीच्या सुरुवातीला तो असाच जळाला. कापड, अरुंद बोळ आणि लोंबणाऱ्या वायरी एकत्र आल्या की हे कुठेही होतं. रुंद वाट आणि हाताशी पाण्याची टाकी ठेवणं एवढं अवघड नाही.

आणि सोसायट्यांनी महिन्यातला एक दिवस ठरवून बोहारणीला आत घ्यावं. गेटवर तिचं नाव आणि फोन नोंदवून घ्या, दुपारी दोन ते पाच वेळ द्या, खाली पार्किंगमध्ये बसायला सावली द्या. कपडे धुऊन, बटणं शाबूत ठेवून आणा, आणि तिने डबा दाखवला तर पातेलं मागा.